तळे राखणाऱ्याने तळेच विकत घ्यावे का? सरकारी मालमत्तेची स्वस्तातली खरेदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी भांडार शाखेत कारकून होतो. जड संग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ सामानाची वही), निर्लेखनाचे म्हणजे निरुपयोगी सामान नोंदीतून काढून टाकण्याचे प्रस्ताव, लिलावाची कागदपत्रे माझ्याच टेबलावरून जायची. आता निवृत्त आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो की ओळखीची माणसे अजूनही अडवून विचारतात : अमक्या साहेबांनी सरकारी जागा घेतली, तमक्या सदस्याला गाळा मिळाला, हे बरोबर आहे का? तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. तुमचे प्रकरण कोर्टाच्या दारात जाणार असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

“पैसे मोजून घेतलं की! फुकट तर नाही नेलं. मग चुकलं कुठं?”

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर जरा लांब आहे.

मार्केट यार्डातला गुळाचा सौदा आठवा. शेतकऱ्याने गुऱ्हाळावरून आणलेले रवे ओळीने मांडलेले असतात. व्यापारी भोवती जमतात, रव्याचा कोपरा फोडतात, रंग बघतात, तुकडा जिभेवर ठेवतात. अडत्या शेतकऱ्याच्या बाजूने उभा असतो आणि भाव चढत जातो. आता समजा, अडत्याने व्यापाऱ्यांना बोलावलेच नाही. सकाळी लवकर दोन-तीन आपली माणसे उभी केली, नावापुरता सौदा काढला आणि तो माल स्वतःच्याच पेढीवर पाडून घेतला. शेतकऱ्याला पट्टी मिळाली, पैसेही मिळाले. तरी तो शेतकरी गप्प बसेल का? त्याला कुठले कलम सांगावे लागत नाही. आपला माल विकायला ज्याला ठेवले तोच गिऱ्हाईक झाला, एवढे त्याला पुरते. विकणाऱ्याने भाव वर ओढायचा असतो आणि घेणाऱ्याने खाली. एकाच माणसाने दोन्ही करायचे म्हटले तर तो कुणीकडे ओढणार, हे उघड आहे.

कायद्यानेही हेच पूर्वीपासून मानले आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधली कलमे २१५ आणि २१६ म्हणतात की प्रतिनिधीने मालकाला न सांगता त्याच्या धंद्यात स्वतःसाठीच व्यवहार केला, तर महत्त्वाची गोष्ट लपवलेली असल्यास किंवा मालकाचे नुकसान झाले असल्यास तो व्यवहार मालक नाकारू शकतो, किंवा त्यातला फायदा मागू शकतो. भारतीय न्यास कायदा, १८८२ चे कलम ५२ तर सांगते की ज्या विश्वस्ताकडे मालमत्ता विकण्याचे काम आहे त्याने ती स्वतः घ्यायचीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ नियम ७३ मध्ये, कोर्टाच्या लिलावाशी ज्याच्या कामाचा संबंध आहे अशा अधिकाऱ्याला बोली लावायला बंदी आहे. या शेवटच्या दोन ठिकाणी तर भाव योग्य होता की नाही ही चर्चा नंतरची. दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा राहिला, हा दोष पहिला.

सरकारी जमिनीचा, बंगल्याचा, जुन्या जीपचा मालक साहेब नसतो, खातेही नसते. ती गावाची असते. साहेब तिचा अडत्या. म्हणून “पैसे मोजले” हे उत्तर अपुरे पडते. किती मोजले, ते कुणी ठरवले आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाला मोजायची संधी होती का, हे विचारावे लागते.

“तळे राखील तो पाणी चाखील, असं म्हणतातच की.”

म्हणतात. पण चाखणे आणि सातबारावर नाव लावणे यात फरक आहे. शिवाय ही म्हण आपण दरवेळी माफीसारखी वापरतो, तिचा मला मनापासून राग येतो. आपले गाव तळ्यांचे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई आली. ती निदान सगळ्यांच्या वापरात तरी राहिली. राखणदाराच्या नावावर गेलेली जागा परत कुणाच्या वापरात येत नाही.

भाव खरोखर पडेल होता हे ओळखायचे कसे?

नुसता रेडी रेकनर काढून तुलना करू नका. तो मुद्रांक शुल्कासाठी केलेला तक्ता आहे. काही भागांत खरा बाजारभाव त्याच्या कितीतरी वर असतो, काही ठिकाणी खालीही असतो. आसपासच्या सर्व्हे नंबरांची गेल्या दोन-तीन वर्षांतली खरेदीखते बघा आणि नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाने मूल्यांकन केले होते का, कोणत्या तारखेला केले, ते बघा. पाच वर्षांपूर्वीच्या मूल्यांकनावर आज विक्री झाली असेल तर तिथेच थांबून प्रश्न विचारा.

एक पद्धत मात्र मी जवळून पाहिली आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. भाव पाडण्यासाठी कुणी आकड्यात खाडाखोड करत नाही. मालमत्तेवर असलेले ओझे दाखवतात : जागेवर विकास आराखड्यातले आरक्षण आहे, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे, जुना भाडेकरू बसला आहे, कोर्टात दावा चालू आहे. ही सगळी कारणे खरी असतात आणि त्यांनी किंमत खरोखर कमी होते, त्यामुळे फाइल निर्दोष दिसते. बाहेरचा माणूस ते ओझे बघून बोलीच लावत नाही. मग विक्री होते, आणि वर्षा-दोन वर्षांत आरक्षण उठते, वर्ग २ चे वर्ग १ होते, भाडेकरू चार पैसे घेऊन निघून जातो, दावा मागे घेतला जातो. ओझे कधी उतरणार आणि कोण उतरवणार हे ज्याला आधी ठाऊक होते, त्यानेच बोली लावलेली असते. म्हणून माझे सांगणे असे की विक्रीच्या दिवसाच्या फाइलवर थांबू नका, नंतरच्या तीन वर्षांतले फेरफारही काढा. फेरफार उतारा खोटे बोलत नाही.

जमीन-बंगल्यांचं ठीक आहे. जुन्या टेबल-खुर्च्यांनी काय होणार?

सुरुवात तिथूनच होते, म्हणून हा किस्सा सांगतो.

आमच्या कार्यालयात संस्थानकाळातली तीन सागवानी कपाटे होती. जाड फळ्या, पितळी कड्या, एकाच्या दारावर अजून जुना नंबर रंगवलेला. दारे घासत होती, एवढाच दोष. निर्लेखनाचा प्रस्ताव करताना वरिष्ठांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो लिहिला : “जुने, मोडके, निरुपयोगी लाकडी सामान, नग ३.” सागवान हा शब्द त्यात नव्हता. पितळ नव्हते. पंचनाम्यावर पाच सह्या झाल्या. त्यातल्या दोघांनी कपाटे पाहिलीही नव्हती. हातची किंमत, म्हणजे लिलावाची किमान किंमत, सरपणाच्या भावाने, वजनावर काढली. लिलावाची नोटीस शनिवारी संध्याकाळी फलकावर लागली आणि सोमवारी सकाळी लिलाव झाला. तीन बंद पाकिटे आली, तिन्हींवरचे अक्षर एकाच हाताचे.

काही महिन्यांनी त्या वरिष्ठांच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. दिवाणखान्यात ते कपाट उभे होते. पॉलिश केलेले, कड्या चकचकीत, आत देवाची पुस्तके. माझ्या पानात जिलेबी होती आणि मला घास उतरला नाही. सरकारचे नुकसान फार तर काही हजारांचे. पण त्या दिवसापासून आमच्या शिपायाला, ड्रायव्हरला, मला, सगळ्यांना कळले की नोंदवहीत एक शब्द कमी लिहिला की वस्तूची किंमत बदलते. पुढे एका जीपला नवीन टायर आणि नवीन बॅटरी बसवून महिन्याभरात तिचे निर्लेखन झाले, तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटले नाही. तो “मोडके” शब्द माझ्या अक्षरात आहे. त्याची बोच गेलेली नाही.

गाड्यांच्या बाबतीत आता नियम कडक झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडीतच काढावी लागतात. त्याने जुनी गाडी घरच्या माणसाला देण्याची एक वाट बंद झाली. फर्निचरला, यंत्रांना, झाडांच्या लाकडाला असे काही नाही.

यासाठी शिक्षेचे कलम आहे का?

आहे, आणि जुने आहे. भारतीय दंड संहितेचे कलम १६९. तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम २०३ म्हणून आले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ज्या लोकसेवकाला एखादी मालमत्ता घ्यायला किंवा तिच्यावर बोली लावायला कायद्याने मनाई आहे, त्याने ती स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या नावाने किंवा भागीदारीत घेतली, तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आणि घेतलेली मालमत्ता जप्त.

या कलमातला “कायद्याने मनाई” हा भाग नीट वाचा. सगळा खटला त्यावर उभा राहतो किंवा पडतो. मनाई कुठल्या कायद्यात लिहिली आहे ते दाखवावे लागते. याशिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ आहे. त्याच्या कलम ११ नुसार ज्याचे काम आपल्यापुढे आहे त्याच्याकडून फुकट किंवा अपुऱ्या किमतीत लाभ घेणे गुन्हा आहे. पूर्वी कलम १३ मध्ये, सार्वजनिक हित नसताना कुणालाही आर्थिक लाभ मिळवून देणे, असे एक व्यापक पोटकलम होते. २०१८ च्या दुरुस्तीत ते गेले. माझ्या मते ते जायला नको होते.

कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. मालमत्ता खरेदीची माहिती शासनाला देणे त्यात बंधनकारक आहे. केंद्राच्या वर्तणूक नियमांखालच्या सूचनांमध्ये, आपल्याच खात्याने मांडलेल्या लिलावात कर्मचाऱ्याने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणे अनुचित मानले आहे.

कोर्टाने निर्दोष सोडलं, मग विषय संपला ना?

तामिळनाडूतले टान्सी प्रकरण वाचा म्हणजे उत्तर मिळेल. जयललिता मुख्यमंत्री असताना, १९९२ मध्ये, त्या ज्या पेढीत भागीदार होत्या त्या जया पब्लिकेशन्सने टान्सी या सरकारी महामंडळाची चेन्नईतल्या गिंडी भागातली जागा विकत घेतली. विशेष न्यायालयाने २००० मध्ये शिक्षा दिली, मद्रास उच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये ती सुटका कायम ठेवली. मंत्र्यांच्या आचारसंहितेत सरकारकडून स्थावर मालमत्ता घेऊ नये असे लिहिलेले आहे. पण न्यायालयाचे म्हणणे असे की ती संहिता म्हणजे कायदा नव्हे, म्हणून कलम १६९ ची मनाई तिच्यातून उभी राहत नाही.

एवढ्यावर निकाल थांबला असता तर “विषय संपला” म्हणता आले असते. पण त्याच निकालात न्यायालयाने त्यांना आपल्या विवेकबुद्धीला उत्तर द्यायला सांगितले, आणि ती मालमत्ता टान्सीला बिनशर्त परत करून प्रायश्चित्त घ्यावे असे म्हटले. एकाच निकालपत्रात “गुन्हा सिद्ध नाही” आणि “तरी परत करा” या दोन्ही गोष्टी आहेत. गुन्हा ठरवायला पुरावा शंकेपलीकडचा लागतो, आणि तसाच तो लागायला हवा. नाहीतर उद्या कुणीही कुणालाही अडकवेल. पण पदावर बसलेल्या माणसाकडून गावाची अपेक्षा “तुरुंगात जाण्याइतके काही केले नाही” एवढीच असते का? मी तरी माझ्या घरच्या हिशेबनिसाला एवढ्यावर ठेवणार नाही.

साहेबाच्या नावावर काहीच नाही. सगळं मेहुण्याच्या नावावर आहे.

कलमातच “दुसऱ्याच्या नावाने” हे शब्द आहेत, त्यामुळे नाव बदलून सुटका होत नाही. पैसा कुणाचा होता हे शोधावे लागते. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असेल तर बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध कायदाही लागू शकतो. त्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. बायको-मुलांच्या नावावर, ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. म्हणून अशा वेळी बेनामीपेक्षा हितसंबंधाचा मुद्दा धरणे बरे.

अधिकाऱ्यालाही घर लागतं. सरकारने सवलतीत प्लॉट दिला तर एवढं काय?

घर लागते हे खरे. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळा बदलत फिरलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडे काही नाही. सफाई कामगारांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे, तिला कुणी शहाणा माणूस नावे ठेवणार नाही. ज्याला बाजारात घर परवडत नाही त्याला सवलत, हे समजते.

पण ज्याला परवडते त्याला, आणि तेही ज्याच्या सहीने धोरण ठरते त्यालाच? २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रेटर हैदराबाद हद्दीतली अशी वाटपे रद्द केली. खासदार, आमदार, सनदी अधिकारी, न्यायाधीश, पत्रकार यांच्या सोसायट्यांना सवलतीच्या दराने जमीन देण्याचे ते धोरण होते. समानतेच्या तत्त्वात ते बसत नाही, आधीच सुस्थितीत असलेल्यांना हा जादा लाभ आहे, असे न्यायालय म्हणाले. या यादीत न्यायाधीशही होते आणि तरी न्यायालयाने हा निकाल दिला, हे मला विशेष वाटते.

महापालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे गाळे सदस्याने घेतले तर?

महापालिकेची मालमत्ता देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ सांगते. कोल्हापुरात गाळ्यांच्या भाड्यावरून किती वर्षे वाद चालला ते आपण पाहिलेच आहे. गावपातळीवर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार, पंचायतीच्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. गावात हे सरपंचाच्या भावापासून सुरू होते. दवंडी नाही, नोटीस नाही, ग्रामसभेत विषय नाही आणि चौकातला गाळा नावावर. ग्रामसभेचे इतिवृत्त मागा. विषय त्यात नसेल तर अर्धे काम झाले.

बंद पडलेल्या साखर कारखान्याची विक्री यात येते का?

थेट नाही. सहकारी कारखाना सभासदांचा असतो, सरकारचा नाही. पण त्यात सरकारी भागभांडवल आणि सरकारी हमी असते. बँक थकबाकीपोटी लिलाव करते, तेव्हा बँकेच्या संचालकांनी किंवा त्यांच्या नात्यातल्यांनी बोली लावावी का, हा प्रश्न वर सांगितलेल्या अडत्याचाच आहे. देवस्थान जमिनींचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांहून जास्त देवळे आहेत, त्यांच्या जमिनी देवाच्या नावावर आहेत, आणि देव लिलावात येऊन भाव चढवत नाही.

निवृत्तीनंतर घेतलं तर चालेल?

फाइल त्यानेच हाताळली असेल तर नाही.

कागद कुठले मागायचे, तक्रार कुठे करायची?

आधी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, फी १० रुपये. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. नाही मिळाली तर पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. अर्जात “भ्रष्टाचाराची माहिती द्या” असे लिहू नका, कुणी देणार नाही. नेमके कागद मागा : मूल्यांकन अहवाल, निर्लेखन प्रस्ताव आणि पंचनामा, नोटीस प्रसिद्ध केल्याचा पुरावा, हजर बोलीदारांची सही असलेली यादी, सगळ्या बोलींचा तुलनात्मक तक्ता, अनामत रकमेच्या पावत्या, मंजुरीची टिप्पणी. फाइल प्रत्यक्ष बघायचा अर्जही करा. अनामत रकमेचे धनाकर्ष (डीडी) एकाच बँकेतून, एकाच दिवशी, लागोपाठच्या क्रमांकांचे निघाले तर ते फाइल समोर असतानाच दिसते, झेरॉक्समध्ये निसटते.

कागद हातात आले की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (फोन १०६४) किंवा लोकायुक्त. रिट याचिकेसाठी आता मुंबईची वारी करावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षे आंदोलन केले, त्याचा उपयोग अशाच कामांसाठी व्हावा. मात्र खात्री नसताना कुणाचे नाव चव्हाट्यावर आणू नका. अशा खोट्या अर्जांनी दोन प्रामाणिक अधिकाऱ्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

सगळेच असे असतात का?

मुळीच नाही. आमच्याकडे एक साहेब होते. लिलावाच्या दिवशी मुद्दाम दौऱ्यावर जायचे आणि घरच्यांना ताकीद होती की कार्यालयातली रद्दीसुद्धा विकत घ्यायची नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. जमिनीची वही आणि जमिनीतला हितसंबंध एकाच घरात असू नये, हा धडा मी त्यातून घेतो. आपल्या गावाला हे नव्याने शिकवायची गरज नाही.

मी स्वतः शिपाई आहे. आमच्याच कार्यालयाच्या लिलावात ४०० रुपयांना जुनी खुर्ची घेतली. चूक केली का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजला. पंचनाम्यावर तुमची सही होती का? किंमत ठरवताना तुम्ही तिथे होता का? नोटीस बाहेरच्यांना दिसेल अशी लागली होती का? तुमच्याशिवाय आणखी कुणी बोली लावली का? पहिल्या दोन प्रश्नांना “नाही” आणि पुढच्या दोनांना “हो” असेल, तर पावती जपून ठेवा आणि खुर्चीवर निवांत बसा. तसे नसेल तर साहेबांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहा, खुर्ची परत जमा करा, जड संग्रह नोंदवहीत ती पुन्हा चढवून घ्या आणि त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. तो म्हणाला, सही माझीच होती. दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला खुर्ची बांधून तो कार्यालयात गेला.